माजावर न येणाऱ्या कालवडीचे प्रकरण: केसाचा अहवाल आणि रक्ताचा अहवाल

काटोल तालुक्यातील एका शेतकऱ्याची होल्स्टिन फ्रिजियन संकरित कालवड अडीच वर्षांची होऊनही एकदाही माजावर आली नाही, म्हणून ती नागपुरात तपासणीसाठी आणण्यात आली. छातीच्या घेरावरून काढलेले तिचे वजन तीनशे किलोच्या पुढे होते. चांगले संगोपन झालेली संकरित कालवड साधारणपणे २५० किलो वजनाच्या आसपास माज दाखवू लागते. त्यामुळे वय आणि वजन या दोन्ही दृष्टींनी ही कालवड गाभण असायला हवी होती. अंगावर मांस भरपूर होते, कातडी तुकतुकीत होती आणि चारा-पाणी व्यवस्थित होते. मान मात्र गोऱ्ह्यासारखी भरलेली होती आणि सड वयाच्या मानाने बारीक होते.

ती वर्षभराची असताना आठवडी बाजारातून विकत घेतलेली होती. विकणारा दलाल होता आणि मूळ मालक कोण, हे शेतकऱ्याला ठाऊक नव्हते. कृत्रिम रेतनाची पैदास आहे, एवढेच दलालाने सांगितले होते. कानात बिल्ल्याचे भोक होते, पण बारा अंकी बिल्ला नव्हता. जन्माविषयी विचारले तेव्हा शेतकरी म्हणाला, “दात पाह्यले, कास पाह्यली, चाल पाह्यली. जुळं व्हतं का एकलं, हे बजारात कोन इचारते साहेब?” प्रकरणाची दिशा ठरवणारी माहिती नेमकी हीच होती आणि ती बाजारातच हरवलेली होती.

आधीचे उपचार

तपासणीपूर्वी वर्षभर जे उपचार झाले, ते त्या त्या वेळी अयोग्य होते असे म्हणता येत नाही. सोयाबीनच्या कुटारावर वाढलेल्या जनावरात खनिजांची कमतरता असणे स्वाभाविक असल्यामुळे गावच्या पशुवैद्यकांनी प्रथम जंतनाशक आणि क्षार मिश्रण दिले, तसेच ढेप आणि तुरीची चुनी वाढवायला सांगितली. पुढे उन्हाळा लागला. नागपूर परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि अशा दिवसांत संकरित जनावरांचा माज थोडा वेळ टिकतो, बहुधा रात्री येऊन जातो किंवा मुका राहतो. तेव्हा कालवड माजावर येत असेल पण लक्षात येत नसेल, असे मानून उन्हाळा जाऊ दिला गेला. पाऊस पडला, दिवाळी झाली, पौषातली थंडी आली. विदर्भात संकरित गाई माज सर्वांत स्पष्ट दाखवतात त्या याच दिवसांत. तरीही कालवड शांतच राहिली, तेव्हा उष्णतेचे कारण आपोआप बाद झाले.

त्यानंतर संप्रेरकांची इंजेक्शने देण्यात आली. त्यांतल्या प्रोस्टाग्लँडिनचा उपयोग होण्यासाठी बीजांडकोशावर पीतपिंड (बीज सुटल्यावर त्या जागी तयार होणारी ग्रंथी) असावा लागतो. तो नसेल तर औषध वाया जाते आणि जनावर आधी होते तसेच राहते. इथे तसेच झाले. इंजेक्शनापूर्वी गुदमार्गे तपासणी झाली होती का, याविषयी शेतकऱ्याला नीट सांगता आले नाही. माझ्या मते या प्रकरणात सर्वाधिक वेळ आणि पैसा इथेच खर्ची पडला, कारण जो अवयव आहे की नाही हे पाहिलेलेच नाही, त्याच्यासाठी औषध दिले जात होते.

याच सुमारास एका तरुण पशुवैद्यकाला कालवडीच्या लिंगाविषयी शंका आली आणि त्याने शेपटीचे केस मुळासकट उपटून, कागदी पाकिटात घालून एका प्रयोगशाळेकडे पाठवले. डीएनए काढण्यासाठी केसांची मुळे पुरतात, बर्फ लागत नाही आणि पाकीट टपालाने जाते, त्यामुळे भर उन्हाळ्याच्या तोंडावर केलेली ही निवड व्यवहार्य होती. अहवाल एका ओळीचा आला: जनावर आनुवंशिकदृष्ट्या मादी आहे. अहवाल खरा होता. पण त्यामुळे शंका मिटली आणि संप्रेरकांची आणखी एक फेरी झाली.

गुदमार्गे तपासणीत आढळलेल्या गोष्टी

नागपुरात तपासणी झाली तेव्हा गर्भाशयमुख हाताला लागले नाही. गर्भाशयाच्या दोन शिंगांच्या जागी बारीक दोऱ्यांसारखे काही जाणवत होते. बीजांडकोश सापडले नाहीत. मूत्राशयाच्या मानेजवळ मात्र दोन्ही बाजूंना लहान गाठी होत्या, आणि त्या वळूच्या शुक्राशय ग्रंथींच्या जागी होत्या. योनिमार्ग आखूड असून आत बंद होता. बाहेरून पाहता भगशिश्न मोठे होते आणि भगाच्या खालच्या टोकाला लांब केसांचा झुपका होता. हा झुपका गोठ्यात रोज दिसत होता, पण त्याचा अर्थ कोणी लावला नव्हता.

एवढ्यावरून निदान जवळपास झालेच होते: ही कालवड फ्रीमार्टिन असावी, म्हणजे नर भावंडासोबत जुळ्यात वाढलेली वांझ मादी. पण ‘जवळपास’ या शब्दाने काम भागत नव्हते, कारण हातात ‘मादी’ असे सांगणारा डीएनए अहवाल होता आणि शेतकऱ्याचा प्रश्न साधा होता: दोघांपैकी कोण खरे?

कारणाची उकल

गाईच्या जुळ्यांत वांझ मादी निपजते, याचे शरीररचनेसह वर्णन इंग्लंडमध्ये जॉन हंटर यांनी १७७९ मध्ये केले होते. त्याचे कारण मात्र १९१६ मध्ये पुढे आले. ऑस्ट्रियात केलर व टँडलर यांनी आणि अमेरिकेत फ्रँक लिली यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की गाईच्या जुळ्या गर्भांच्या वारेतील रक्तवाहिन्या गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच एकमेकींना जोडल्या जातात आणि दोन्ही गर्भांचे रक्त मिसळते. नर गर्भाच्या वृषणांतून येणारी संप्रेरके, त्यातही मुलेरियन नलिका दडपणारे संप्रेरक, मादी गर्भापर्यंत पोहोचते आणि तिचे गर्भाशय घडण्यापूर्वीच खुंटते. नर भावंडासोबत जन्मलेल्या दहांपैकी नऊहून अधिक कालवडी यामुळे वांझ निघतात. उरलेल्यांत रक्तवाहिन्या जोडल्या गेलेल्या नसतात, आणि त्या इतर कालवडींप्रमाणे गाभण राहतात.

संप्रेरकांबरोबर रक्त बनवणाऱ्या मूळ पेशीही एका गर्भातून दुसऱ्यात जाऊन वस्ती करतात, आणि रेणवीय आनुवंशिकीच्या दृष्टीने हीच बाब महत्त्वाची आहे. रे ओवेन यांनी १९४५ मध्ये गाईच्या जुळ्यांच्या रक्तगटांचा अभ्यास करताना हे मिश्रण जन्मभर टिकते असे दाखवले. परक्या पेशी शरीर आयुष्यभर सहन करते, या निरीक्षणातून पुढे प्रतिकारसहिष्णुतेची कल्पना उभी राहिली आणि बर्नेट व मेडावार यांना १९६० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अवयव प्रत्यारोपणाच्या शास्त्राचा एक धागा असा गाईच्या गोठ्यापर्यंत येतो, हे विद्यार्थ्यांना सांगितले की वर्गात जरा जाग येते. आपल्या प्रकरणापुरता अर्थ असा की फ्रीमार्टिनच्या रक्तात तिच्या स्वतःच्या एक्सएक्स (मादीच्या) पेशी असतात आणि भावाच्या एक्सवाय (नराच्या) पेशीही असतात, तर तिची त्वचा आणि केसांची मुळे तिची स्वतःची असतात.

येथे शेतकऱ्यांकडून हमखास येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे आवश्यक आहे. विदर्भातील बेरारी शेळीला जुळी होणे नवलाचे नसते आणि त्यातल्या पाटी, म्हणजे मादी करडे, पुढे नीट वितात. शेळीच्या जुळ्यांत वारेच्या रक्तवाहिन्या क्वचितच जोडल्या जातात, हे त्याचे कारण. शेळ्या राखणाऱ्या घरात गाईला नर-मादी जुळे झाले तर कुणाला शंका येत नाही, कारण त्या घरचा अनुभव शेळीचा असतो.

रक्ताचा नमुना आणि पीसीआर

मानेच्या शिरेतून रक्त घेऊन दोन वेगळ्या नळ्यांत भरण्यात आले. ईडीटीएची नळी पीसीआरसाठी, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा अनेक पटींनी वाढवून ओळखण्याच्या चाचणीसाठी होती आणि हेपॅरिनची नळी गुणसूत्र तपासणीसाठी. ही विभागणी काटेकोरपणे पाळावी लागते, कारण हेपॅरिन पीसीआरच्या विकराला अडथळा करते, आणि गुणसूत्रांसाठी ज्या लसिका पेशी वाढवायच्या असतात त्या जिवंत हव्या असतात. म्हणून नळ्या थंड पेटीत ठेवल्या, पण बर्फाला थेट लागू दिल्या नाहीत. रक्त गोठले तर पेशी फुटतात, आणि नागपूरच्या उन्हात जीपमध्ये राहिले तरी मरतात.

पीसीआरसाठी दोन लक्ष्ये घेतली. पहिले अमेलोजेनिन जनुक. दातांच्या एनॅमलशी संबंधित हे जनुक एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांवर असते, पण गाईच्या वाय गुणसूत्रावरील प्रतीत ६३ बेसजोड्यांचा (डीएनएची लांबी याच एककात मोजतात) तुकडा गळालेला आहे. त्यामुळे एकाच प्रायमर जोडीने (वाढवायच्या तुकड्याची दोन टोके ठरवणाऱ्या छोट्या डीएनए साखळ्यांनी) एक्सवरून २८० आणि वायवरून २१७ बेसजोड्यांचा तुकडा मिळतो. या चाचणीची खुबी अशी की एक्सचा तुकडा प्रत्येक जनावरात यायलाच हवा, आणि तो आला नाही तर चाचणीच फसली असे समजते. दुसरे लक्ष्य एसआरवाय, म्हणजे नरत्व ठरवणारे आणि केवळ वाय गुणसूत्रावर असणारे जनुक. रक्तात भावाच्या पेशी फार थोड्या असतील तर अमेलोजेनिन चाचणीत एक्सच्या विपुल प्रतींपुढे वायचा तुकडा फिका पडू शकतो. एसआरवायला अशी स्पर्धा नसल्याने ते थोड्या पेशींतही पकडते. पण एसआरवायची पट्टी (वाढवलेला तुकडा जेलच्या थरात उमटतो ती खूण) दिसली नाही तर वाय नाही की अभिक्रिया झाली नाही, हे कळत नाही. म्हणून दोन्ही बरोबर चालवणे शहाणपणाचे.

तुलनेसाठी एका वळूचा डीएनए, वेत झालेल्या एका गाईचा डीएनए आणि डीएनए न घातलेली कोरी नळी ठेवली. मादी नमुना म्हणून वेत झालेलीच गाय निवडण्याचे कारण उघड आहे: तिच्या मादीपणाबद्दल वाद नसतो. वळूचा नमुना मात्र सर्वांत शेवटी आणि वेगळ्या पिपेटने हाताळला, कारण वायच्या शोधात निघालेल्या चाचणीत वळूच्या डीएनएचा एक थेंब इकडचा तिकडे झाला तरी चांगली कालवड वांझ ठरू शकते. कोरी नळी कोरीच राहिली आणि वेत झालेल्या गाईत वायचा मागमूस नव्हता, हे पाहिल्यानंतरच आमच्या कालवडीचा खाना (जेलमधील तिच्या नमुन्याची रांग) वाचला. त्यात २८० ची पट्टी ठळक होती, आणि तिच्याखाली २१७ ची पट्टी फिकी पण स्पष्ट होती. एसआरवायही आढळले.

एवढ्यावर अहवाल लिहिण्याचा मोह होतो, पण रक्तात एक्स आणि वाय दोन्ही मिळण्याचा अर्थ एकच नसतो. वळूच्या रक्तातही हेच दोन तुकडे मिळतात. क्वचित अशीही कालवड जन्मते जिच्या शरीरातील प्रत्येक पेशी एक्सवाय असते आणि तरी बाह्यरूप मादीचे असते. अशा जनावराचा जुळ्याशी काही संबंध नसतो आणि कारण त्याच्या स्वतःच्या जनुकांत असते. ते कारण आईबापांकडून आलेले असेल तर त्याच वळूच्या इतर संततीचीही चौकशी करावी लागते. म्हणजे फ्रीमार्टिन आणि एक्सवाय मादी यांत फरक करणे हा केवळ पुस्तकी प्रश्न नाही. पहिल्यात दोष गर्भाशयातील शेजाराचा आहे, तर दुसऱ्यात तो पैदाशीचा असू शकतो.

इथे तो जुना केसांचा अहवाल उपयोगी पडला. आम्ही शेपटीचे केस पुन्हा घेतले, मुळांना रक्ताचा अंश राहू नये म्हणून ती धुतली आणि त्याच दोन चाचण्या केल्या. फक्त २८० ची पट्टी आली. एसआरवाय नव्हते. केस मादीचे आणि रक्त मिश्र, असा निष्कर्ष निघाला. कालवड स्वतः एक्सएक्स होती आणि वाय तिच्या भावाचा होता. पहिला अहवाल चुकीचा नव्हता. ‘हे जनावर आनुवंशिकदृष्ट्या काय आहे?’ या प्रश्नाचे ते बरोबर उत्तर होते, पण ‘हिच्या रक्तात भावाच्या पेशी आहेत का?’ हा खरा प्रश्न विचारलाच गेला नव्हता आणि केसाला तो विचारण्यात अर्थही नव्हता.

गुणसूत्र तपासणीने यावर शिक्कामोर्तब केले. लसिका पेशी तीन दिवस वाढवून, विभाजनाच्या टप्प्यावर कोल्चिसिनने थांबवून, रंगवून पाहिल्यावर प्रत्येक पेशीत गाईची नेहमीची ६० गुणसूत्रे होती. बहुतेक पेशींत दोन एक्स होते, तर थोड्या पेशींत एक एक्स आणि एक वाय. एक्स आणि वाय सोडून गाईची इतर सर्व गुणसूत्रे एका टोकाला सांधलेली असतात, एक्स मोठे आणि मध्याच्या जवळ सांधलेले असते, म्हणून ते लगेच ओळखू येते. वायची गंमत अशी की युरोपीय वंशात ते लहान आणि मध्याजवळ सांधलेले असते, पण आपल्या वशिंडाच्या गुरांत ते टोकाला सांधलेले असल्याने इतर गुणसूत्रांच्या गर्दीत हरवते. या कालवडीच्या भावाचा वाय युरोपीय घडणीचा होता. म्हणजे बाप गवळाऊसारखा देशी वळू नव्हता. तो विदेशी होता किंवा बापाच्या बाजूने विदेशी वंशाचा संकरित होता. दलालाचे कृत्रिम रेतनाविषयीचे बोलणे याच्याशी विसंगत नव्हते, एवढेच म्हणता येते.

वाय असलेल्या पेशी थोड्या असल्याने दोषही सौम्य असेल, असा समज होऊ शकतो, पण तो टिकत नाही. रक्तातील एक्सवाय पेशींचे प्रमाण आणि जननेंद्रियांतील बिघाड यांचा सरळ संबंध नसतो. पेशींचे प्रमाण अस्थिमज्जेत कोणाची वस्ती किती वाढली यावर ठरते, तर बिघाड गर्भावस्थेतील संप्रेरकांनी आधीच केलेला असतो.

एक गोष्ट मात्र कोणतीही चाचणी सांगू शकली नाही. भाऊ जिवंत जन्मला होता की रक्तवाहिन्या जोडल्या गेल्यावर गर्भातच गेला, हे डीएनएत लिहिलेले नसते. भाऊ गर्भातच गेला तर कालवड एकटीच जन्मते आणि तरीही फ्रीमार्टिन असते. त्यामुळे ‘एकलीच जन्मली होती’ ही खात्री बाजारात मिळाली असती तरी ती पुरेशी ठरली नसती.

शेतकऱ्याचा निर्णय

निदान सांगितल्यावर औषध नाही आणि शस्त्रक्रियाही नाही, हे स्पष्ट करावे लागले. नाही ते गर्भाशय कोणत्याही उपचाराने येत नाही. महाराष्ट्रात गोवंश हत्येवर कायद्याने बंदी आहे, त्यामुळे परदेशांतील पुस्तकांत सुचवलेला मांसासाठी वाढवण्याचा मार्ग येथे नाही. फ्रीमार्टिनला नर संप्रेरके देऊन मोठ्या कळपात माजावरच्या गाई शोधायला वापरता येते, पण दोन गाईंच्या कोठ्यात त्याचा उपयोग नाही. उरला बाजार. शेतकऱ्याने तो विचार बोलून दाखवला तेव्हा त्याच्या पत्नीने मध्येच विचारले, “आपन इकली तं त्याच्या घरी बी हेच होईन ना?” चर्चा तिथेच आटोपली. ढेप आणि चुनी बंद करून, कुटार व कडब्यावर ठेवून, शेण गोबरगॅससाठी वापरायचे असे ठरले. इंजेक्शनांचा खर्च थांबला, हाच या चाचणीचा त्या घराला झालेला प्रत्यक्ष फायदा.

पुढील उपयोग

नागपुरात २००० साली स्थापन झालेले महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि पशुआनुवंशिकी शिकणारे विद्यार्थी येथे बऱ्याच संख्येने असतात. त्यांच्यापुढे हे प्रकरण ठेवण्यामागे फ्रीमार्टिन ओळखता यावी, एवढाच हेतू नाही. फ्रीमार्टिनचे निदान हातानेही होते. वासरू काही आठवड्यांचे असताना गुळगुळीत, निर्जंतुक काचनळी हलक्या हाताने योनिमार्गात सारली तर निरोगी वासरात ती १२ ते १५ सेंटिमीटर आत जाते आणि फ्रीमार्टिनमध्ये साधारण ५ ते ८ सेंटिमीटरवर अडते. जुळ्याची नोंद असेल तर एवढी तपासणी बहुतेक वेळा पुरते.

मोठा प्रश्न आहे तो भावाचा. त्याच्याही रक्तात बहिणीच्या पेशी असतात. असा गोऱ्हा पैदाशीसाठी निवडला गेला तर रक्ताच्या डीएनएवरून पितृत्व पडताळताना डीएनएच्या एका जागी दोनऐवजी तीन किंवा चार प्रकार दिसू शकतात आणि खरा बाप नाकारला जाऊ शकतो. रेतन केंद्रांवरील होल्स्टिन आणि त्यांच्या संकरित वळूंची बीएलएडी, सिट्रुलिनिमिया, डम्प्स आणि फॅक्टर अकराची कमतरता या आनुवंशिक विकारांसाठी तपासणी केली जाते. बहीण वाहक (विकाराचे सदोष जनुक बाळगणारी) आणि भाऊ निर्दोष असेल, तर रक्ताचा नमुना भावावर बहिणीचा दोष लावेल. उलट घडले तर बहिणीच्या निर्दोष पेशींच्या गर्दीत भावाचा दोष झाकला जाऊ शकतो, आणि एका वळूच्या हजारो रेतमात्रा वाटल्या जात असल्याने हे अधिक घातक आहे. म्हणून वळू जुळ्यातला असेल तर डीएनए रेतमात्रेतून किंवा केसांतून घ्यावा, रक्तातून नव्हे. फ्रीमार्टिनच्या निदानात नुसते केस पुरत नाहीत, तर तिच्या भावाच्या तपासणीत तेच भरवशाचे ठरतात.

वाशीम येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी गाईंसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ या जनुकीय चिपा (एकाच वेळी डीएनएतील हजारो जागा वाचणाऱ्या चाचण्या) राष्ट्रार्पित झाल्या. जनुकीय निवडीसाठी येत्या काळात गावोगावचे नमुने गोळा होतील आणि त्यांत जुळ्यांचे नमुनेही असतील. लिंगवर्गीकृत रेतमात्रांमुळे (मुख्यतः मादी वासरे व्हावीत म्हणून निवडलेल्या रेतामुळे) नर-मादी जुळी कमी होतील हे खरे, पण त्यांतही मादीचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असते, पूर्ण नव्हे. चिप कितीही अचूक असली तरी मिश्र रक्त दिले तर ती दोन जनावरांचे मिळून एक जनुकचित्र वाचेल.

म्हणून नमुन्यासोबतच्या अर्जात दोन रकाने सक्तीचे असावेत, असे माझे मत आहे: नमुना कोणत्या ऊतीचा आहे, आणि जनावर एकटे जन्मले की जुळ्यात. दुसऱ्या रकान्यात ‘माहीत नाही’ असे उत्तर आल्यास प्रयोगशाळेने रक्त आणि केस दोन्ही मागवावेत. बिल्ला मारताना जुळ्याची नोंद झाली, तर बाजारात विकल्या जाणाऱ्या कालवडीसोबत ती माहितीही जाईल. तोवर कानात नुसते भोक असलेली संकरित कालवड घेणाऱ्याने कास आणि दात पाहण्यापूर्वी तिच्या भगाखालचा केसांचा झुपका पाहावा आणि व्यवहार पक्का करण्याआधी पशुवैद्यकाकडून तिची तपासणी करून घ्यावी.